पाच वाजून सात मिनिटं

सोमवार, २

आमच्या चर्चच्या पाळकांनी मंडळीतल्या प्रत्येकाला एकेक वही दिली. आज कोणती आज्ञा पाळली ते रोज झोपण्याआधी लिहायचं. कोणी वाचणार नाही, म्हणाले. त्यावर ही म्हणाली, "तुमचं अक्षर बघता कोणी वाचायचं ठरवलं तरी जमायचं नाही." टोमणा मारल्याशिवाय बायकोच्या घशाखाली घास उतरत नाही, याला मी तीस वर्षं साक्षीदार आहे.

वय त्रेपन्न. काम बॉयलर चालवण्याचं. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुण्याचा मोठा कारखाना आहे, त्याच्या तळघरात. मी खाली वाफ करतो, वर चादरींना इस्त्री होते आणि वरच्या बायका म्हणतात खाली एक म्हातारा राक्षस ठेवलाय. दिवसाची पाळी माझी, संध्याकाळी सहानंतरची माझ्या धाकट्या भावाची. त्याला मीच या कामाला लावलं. याची मी त्याला अधूनमधून आठवण करून देत असतो.

आजची आज्ञा: वरच्या सुपरवायझरने विनाकारण आवाज चढवला, मी उलट बोललो नाही. मनातल्या मनात बोललो. ते धरायचं की नाही, हे पाळकांना विचारायला हवं.

शनिवार, ७

आज पहिल्यांदा पाच वाजता हातातलं काम खाली ठेवलं.

पाळकांनी नवा नियम घातला आहे. ज्यांना प्रभूचा दिवस खऱ्या अर्थाने पाळायचाय त्यांनी तो शनिवारी संध्याकाळी पाचपासून पाळायचा. साडेपाचला तयारीची प्रार्थना. पाचनंतर कामाला हात नाही, आणि कामाचं बोलणंही नाही. धंद्याचा एक शब्द तोंडातून गेला की तास बाटला. "अर्धवट आज्ञा पाळणारा अर्धाच सुरक्षित," असं ते म्हणाले. मला ते पटलं. अर्धवट बंद केलेल्या व्हॉल्व्हबद्दल मला कोणी शिकवायला नको.

पाळी बदलते सहाला. मधल्या तासाचं काय? धाकट्याला विचारलं. तो उपासनेला येत नाही, पण माझा शब्द मोडत नाही. म्हणाला, "येतो की पाचला. पण दादा, तुझ्या देवाला एक तासाचा ओव्हरटाइम परवडत नाही का?" मी म्हणालो, थट्टेची जागा असते. तो म्हणाला, "तीच शोधत होतो."

रविवारी सकाळी उपासनेआधी इस्त्रीच्या रोलरची जाळी मी साफ करायचो, तेही काम आता त्याच्याकडे. मॅनेजरला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं काय आहे त्यात? बॉयलरवर माणूस आहे ना.

बुधवार, ११

आज खरं कारण लिहून टाकतो.

दोन वर्षांपूर्वी कारखान्याने तीसपैकी चौदा माणसं एका दुपारी घरी पाठवली. माझ्याबरोबर वीस वर्षं डबा खाल्लेला फिटर पिशवी घेऊन गेटबाहेर उभा होता आणि कुठल्या बाजूला जायचं ते त्याला कळत नव्हतं. त्यानंतर चार महिने मला झोप नव्हती. पाठीमागे पावलं वाजली की वाटायचं, आलं बोलावणं. तेव्हा या पाळकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आज्ञा पाळ. जो पाळतो त्याच्याभोवती भिंत असते." त्या रात्री मी सात तास झोपलो. लोकांना हे हसू येण्यासारखं वाटेल. ज्याची झोप गेली नाही त्याने हसावं.

तेव्हापासून मी पाळतो. जे जे सांगतील ते. आणि माझी नोकरी टिकली आहे, हे सगळ्यांना दिसतंय.

ही म्हणते, "त्या चौदा जणांनी काय प्रार्थना केली नसेल?" तिच्याशी वाद घालत नाही. तीही आज्ञाच.

शनिवार, १४

दिवस बरा गेला. चार वाजता इस्त्रीच्या रोलरकडे जाणारी लाईन जरा वेळ बंद केली होती, तीन नंबरची. व्हॉल्व्हचं चाक घट्ट बसलं, पण पुढचा पाइप अर्ध्या तासानंतरही हात ठेववेना इतका गरम. आतला पडदा झिजला असणार. चाक बंद दाखवतंय, वाफ मात्र पुढे जातेय. धाकट्याला सांगायला हवं, म्हणजे उद्या रोलरची जाळी साफ करताना तो आधी अख्खा बॉयलर थंड करेल.

आमच्याकडे पाळी कागदावर देत नाहीत. तळघरात कागद भिजतो, खडू ओघळतो. आम्हाला शिकवणाऱ्या म्हाताऱ्याने पद्धत घालून दिली: जाणाऱ्याने येणाऱ्याला बिघाड तेवढे तोंडी सांगायचे. ज्याबद्दल बोललो नाही ते ठीक, असं समजायचं. तीस वर्षांत या पद्धतीने कोणाला धोका दिला नाही.

पाच वाजले, धाकटा आला नाही. पाच मिनिटं वाट पाहिली. मग निघालो. गेटवर तो सायकलवरून धापा टाकत समोर आला. त्याच्या मुलीला ताप होता, औषध आणायला थांबला होता. म्हणाला, "दादा, सॉरी. काही आहे का सांगायचं?"

घड्याळात पाच वाजून सात मिनिटं झाली होती.

मी ओठांवर बोट ठेवलं आणि घड्याळ दाखवलं. तो हसला. म्हणाला, "बरं बाबा, जा तू. देव रागवेल." आणि आत गेला.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. मोह समोर सायकलवर बसून आला होता आणि मी पडलो नाही. तयारीच्या प्रार्थनेत मी हे नाव न घेता सांगितलंही. पाळक म्हणाले, आमेन.

सकाळी जाऊन सांगेन असं ठरवलं होतं. पण सकाळ तर प्रभूच्या दिवसाचीच. बघू. तो काही नवशिका नाही.

रविवार, १५

धाकटा भाजला.

सकाळी साडेआठला. तीन नंबर बंद करून त्याने रोलरची जाळी उघडली आणि वाफ अंगावर आली. दोन्ही हात कोपरांपर्यंत, गळा, हनुवटीची एक बाजू. डोळे वाचले.

मी उपासनेत होतो. संदेश चालू असताना हिच्या फोनवर भावजयीचा फोन आला. ही बाहेर गेली, परत आली, माझ्या कानात सांगितलं आणि "चला" म्हणाली. मी म्हणालो, शेवटचा आशीर्वाद होऊ दे. तिने माझ्याकडे पाहिलं आणि एकटीच गेली.

मी आशीर्वादापर्यंत थांबलो. मधून उठायचं नाही, हा नियमच आहे. आणि मनात आलं, आत्ता जर मी आज्ञा मोडली तर त्याचं आणखी काही वाईट होईल. मी तिथे बसून त्याच्यासाठीच प्रार्थना केली. दवाखान्यात नुसता उभा राहून मी काय करणार होतो?

पोहोचलो तेव्हा हात बांधून झाले होते. त्याला गुंगी दिली होती.

सोमवार, १६

मॅनेजरने खोलीत बोलावलं. शनिवारी काही बिघाड होता का, विचारलं.

मी म्हणालो, "साहेब, मी निघालो तेव्हा चाक घट्ट बसलेलं होतं."

"म्हणजे त्याने नीट बंद केलं नसणार."

मी त्यावर काही बोललो नाही.

एक शब्द खोटा बोललो नाही. पाहिजे तर वहीत परत वाचतो: चाक घट्ट होतं. होतंच.  

गुरुवार, १९

पाळक घरी आले. हिने पाणी दिलं आणि आत गेली ती बाहेर आलीच नाही.

ते म्हणाले, "ब्रदर, लक्षात येतंय का? सफाईचं काम आधी तुमचं होतं. प्रभूचा दिवस पाळायला लागलात म्हणून ते भावाकडे गेलं. देवाने तुम्हाला त्या जागेवरून उचललं. तुमच्या आज्ञापालनाने तुम्हाला वाचवलं. येत्या रविवारी मंडळीसमोर साक्ष द्या."

मी चाचरत म्हणालो, शनिवारी गेटवर मला त्याला एक गोष्ट सांगायची होती, पण पाच वाजून गेले होते. त्यांनी पाण्याचा पेला उचलला. मग म्हणाले, "आज्ञा पाळताना पुढचं बघायचं नसतं. पुढचं देवाचं." आणि पाणी प्यायले.

मला बरं वाटायला हवं होतं. भिंत आहे, मी आत आहे. मग धाकटा कुठल्या बाजूला होता? हा प्रश्न मी विचारला नाही. ते गेल्यावर सुचला, आणि अशा वेळी सुचलेलं विचारायला परत कोण धावतं?

रविवार, २२

साक्ष दिली. दोन आठवड्यांपूर्वी प्रभूचा दिवस पाळायचा निर्णय कसा घेतला, माझ्या जागी दुसरा माणूस कसा गेला, आणि मी सगळ्यांसमोर कसा धडधाकट उभा आहे. "दुसरा माणूस" म्हणालो. भाऊ म्हणायला जीभ रेटेना. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाई रडल्या.

बोलता बोलता मागच्या दाराशी लक्ष गेलं. भावजय उभी होती. ती कधी येत नाही. दवाखान्यातून घरी जाताना त्याच्यासाठी प्रार्थनेची चिठ्ठी द्यायला आली होती. चिठ्ठी हातातच होती.

उपासना संपल्यावर मी तिच्याकडे गेलो. ती म्हणाली, "भाऊजी, छान बोललात."

मी म्हणालो, तुला वाटतं तसं नाही.

"मला काय वाटतं ते राहू द्या. गेटवरचं त्यांनी मला सांगितलंय. मॅनेजरला नाही सांगितलं. तुम्ही पाचलाच निघून जाता, हेही नाही सांगितलं. म्हणाले, दादाचं नाव घेतलं तर दादाही जाईल, दोन्ही घरांच्या चुली एकदम कशाला विझवायच्या. मीच नीट बघितलं नाही, असं लिहून दिलंय त्यांनी. म्हणजे तोंडाने सांगितलं. लिहायला हात कुठे आहेत?"

चिठ्ठी तिने पेटीत टाकली नाही. परत घेऊन गेली.

आजची आज्ञा: काही सुचत नाही.

मंगळवार, २४

मॅनेजरने अहवाल तयार केलाय. त्यात धाकट्याचा निष्काळजीपणा असं स्पष्ट आहे. त्याचं बॉयलर चालवण्याचं प्रमाणपत्र रद्द होणार. पुढे कुठल्याच कारखान्यात तो वाफेच्या जवळ उभा राहू शकणार नाही. खाली दोन सह्या हव्यात, एक मॅनेजरची, एक जुन्या जाणत्या माणसाची. तो जुना जाणता मी. शुक्रवारी सही करायची आहे.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. दिवसभर जो तो माझ्याकडे बघतोय असं वाटत होतं. वरच्या बायकांनी विचारलं, भाऊ कसा आहे, तर मी खेकसलो.

घरी येऊन गुडघे टेकले. काय करू, सांग. आज्ञा दे, मी पाळतो. इतकी वर्षं पाळत आलोय. अर्धा तास टेकून होतो. गुडघे दुखले, बाकी काही नाही. जे करायचं ते मला ठाऊक होतं आणि त्यासाठी नव्या आज्ञेची गरज नव्हती, ते लहानपणीच आईने कान धरून शिकवलं होतं. खोटं बोलू नये. मला दुसरी कुठलीतरी आज्ञा हवी होती. जिच्यात माझी नोकरी राहील अशी.

हे लिहून ठेवतो, कारण पाळक म्हणाले होते कोणी वाचणार नाही.

शुक्रवार, २७

सही केली नाही.

मॅनेजरला म्हणालो, "साहेब, तीन नंबर झिजलेला होता. मला चार वाजल्यापासून माहीत होतं. मी त्याला सांगितलं नाही. त्याने विचारलं होतं, तरी नाही सांगितलं. आणि मी सहाला नाही, पाचला गेलो होतो. त्याच्या आधीच्या शनिवारीही."

त्याने चष्मा काढला. "का नाही सांगितलंस?"

"पाच वाजून गेले होते."

त्याला कळलं नाही. मी दोनदा समजावून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना माझ्याच कानांना ते ऐकवेना. तो म्हणाला, "तीस वर्षं बॉयलर चालवतोस तू! पोरसवदा माणूस असता तर मी समजलो असतो." मग बराच वेळ टेबलावरचा कागद सरळ करत राहिला. शेवटी म्हणाला, अहवाल बदलतो, भावाच्या नावावर काही राहणार नाही, आणि तू उद्यापासून येऊ नकोस.

दोन वर्षं ज्या पावलांची वाट बघत होतो ती शेवटी माझीच निघाली. गेटबाहेर आलो. कुठल्या बाजूला जायचं ते मला कळलं, एवढाच त्या फिटरमध्ये आणि माझ्यात फरक.

पाळकांकडे गेलो. ते म्हणाले, "ब्रदर, घाई केलीत. मला आधी विचारायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची असते." मग दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "पाचच्या नियमाचं काही बोललात का तिथे? मंडळीचं नाव आलं का?" मी म्हणालो, नाव नाही घेतलं. त्यांचा जीव खरंच भांड्यात पडला, मला दिसलं. मला वाटलं होतं भिंतीबद्दल काहीतरी बोलतील. त्यांनी फक्त रविवारी जरा मागे बसा म्हणून सांगितलं.

मला फार राग आला. त्यांचा आला, आणि त्यांच्यावर सगळं ढकलून मोकळं होता येत नाही याचा जास्त आला. ओठांवर बोट त्यांनी नव्हतं ठेवलं.

हिला सांगितलं. मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटेल. ती म्हणाली, "अकरा दिवस उशीर केलात." आणि चहा टाकला. थोड्या वेळाने म्हणाली, "शिलाईच्या दुकानात मला बोलावतायत. जाईन."

सोमवार, ३०

धाकट्याला कालच घरी आणलं. डॉक्टर म्हणतात डावा हात सुधारेल, उजव्या हाताची बोटं पूर्ण मिटतील असं सांगता येत नाही. बॉयलरचं चाक फिरवायला बोटं मिटावी लागतात. प्रमाणपत्र मात्र शाबूत आहे. माझ्या खरं बोलण्याचं एवढं फळ.

दुपारी गेलो. तो खिडकीशी बसला होता, दोन्ही हात उशीवर. मला पाहून म्हणाला, "ये." मी सगळं सांगितलं. मॅनेजर, अहवाल, नोकरी. मनात कुठेतरी होतं की तो म्हणेल, दादा, कशाला केलंस असं. मग मी म्हणणार होतो, करायलाच हवं होतं. हे वाक्य मी रस्त्याने जुळवत आलो होतो.

तो म्हणाला, "बरं केलंस. तुला आता झोप लागेल."

मी म्हणालो, गेटवरच्या त्या गोष्टीबद्दल मला माफ कर.

"गेटवरचं काय घेऊन बसलास? तू आधीपासूनच तसा. घड्याळाला घाबरणारा. तिथे मीच हसलो होतो, आठवतं ना?" हनुवटीवरची कातडी ओढली जाते म्हणून सावकाश बोलतो. "मला खालून वर आणलं तेव्हा शुद्ध होती दादा मला. गाडीत घालेपर्यंत होती. मी सगळ्यांना सांगत होतो, दादा येतोय, दहा मिनिटांवर आहे. डॉक्टर म्हणाले औषध देतो, मी म्हणालो थांबा, दादाला येऊ द्या. वहिनी आली. तिला विचारलं, तर ती काही बोलेना. मग मी म्हणालो, द्या औषध."

मी म्हणालो, मी तुझ्यासाठीच प्रार्थना करत होतो.

"हो. कळलं मला."

मला रडू आलं, आणि माझ्या रडण्याचं त्याला ओझं होतंय हे दिसून ते आवरलं. भावजय ताट घेऊन आली. त्याला भरवावं लागतं. पोरीने आतून हाक मारली म्हणून ती ताट माझ्यापुढे ठेवून गेली. आई गेल्यानंतर दोन वर्षं मीच त्याला भरवलंय. तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि खाताना सारखा बोलायचा.

मी चमचा भरला आणि पुढे केला. त्याने तोंड उघडलं नाही. रागाने बघितलंही नाही, खिडकीबाहेर बघत राहिला. मला वाटलं गरम असेल. फुंकर घालून पुन्हा पुढे केला. चमचा ओठांना लागला. त्याने ओठ मिटलेलेच ठेवले.

भावजय आली. तिने माझ्या हातातून चमचा घेतला, आणि त्याने तोंड उघडलं. संपूर्ण ताट जेवला. भूक लागली होती त्याला.

निघताना मी दारात म्हणालो, उद्या येतो.

भावजय बाहेरपर्यंत आली. म्हणाली, "या, भाऊजी. फक्त जेवायच्या वेळी नको."